चौकड्याचा स्कर्ट आणि कागदी बेत

ठाण्याच्या खाडीच्या पूर्व काठावर सानपाडा नावाचे गाव आहे. आज ते नवी मुंबईच्या पोटात सामावून गेले असले, तरी दोन पिढ्यांपूर्वी ते आगरी आणि कोळी लोकांचे, भातखाचरांचे, मिठागरांचे व खाडीतील मासळीचे गाव होते. १९७० साली सिडको ही संस्था स्थापन झाली आणि खाडीकाठच्या गावांच्या जमिनीवर नव्या शहराची आखणी सुरू झाली. १९७३ मध्ये वाशीजवळ खाडीवर रस्त्याचा पूल झाला. १९९२ च्या पहिल्या दिवशी नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली आणि त्याच वर्षी मानखुर्दहून खाडी ओलांडून आगगाडी वाशीस पोहोचली. शहर वाढले तशा शाळा वाढल्या, आणि शाळांबरोबर एक वस्त्र घरोघरी येऊन पोहोचले. ते वस्त्र म्हणजे मुलींच्या गणवेशातला चौकड्याचा स्कर्ट.

हा स्कर्ट बहुधा तयारच विकत घेतला जातो. त्याचे कापडही लोकरीचे नसते. खाडीकाठच्या दमट हवेत लोकर अंगाला सोसणारी नव्हे. परंतु सानपाड्याच्या एखाद्या घरातली मुलगी थंड मुलखात शिकावयास निघाली, आणि तिच्या आईने मनात आणले की, हिच्यासाठी लोकरी चौकड्याचा स्कर्ट घरीच, कागदी नमुन्यावरून शिवावा, तर त्या आईच्या शिवणयंत्रापुढे तीन निरनिराळ्या देशांचे इतिहास एकत्र येतात. चौकडा स्कॉटलंडच्या डोंगरातून येतो, कागदी नमुना अमेरिकेतील एका लहान गावातून येतो, आणि ‘बेतणे’ ही क्रिया, जिच्यावाचून पहिली दोन्ही निरुपयोगी, ती मात्र आपल्याच घरातली, फार जुनी आहे. या तिहींची गाठ कशी पडली आणि त्या गाठीत बायकांच्या हाती काय आले, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम घरचे पाहू. महाराष्ट्रातील वस्त्रे मुळात न कापता वापरण्याची होती. धोतर, उपरणे, पागोटे, लुगडे ही सारी मागावरून उतरली तशीच अंगावर चढत. शिवण नसल्यामुळे मापही नसे. नेसण्याच्या कौशल्यातच ते माप सामावलेले असे. एकच नऊवारी लुगडे सडपातळ सुनेला होई आणि स्थूल सासूलाही होई. लोकरीचेही तेच. धनगराच्या मेंढ्यांची राठ काळी लोकर सणगर आपल्या मागावर विणीत, आणि त्यातून निघालेली घोंगडी पाऊस, थंडी, अंथरूण व पांघरूण या चारही कामी अखंडच पडे. घोंगडीला कात्री लावण्याचा विचार कोणाच्या मनात येत नसे.

अपवाद होता तो चोळीचा. चोळी अंगाला बेतावी लागे, आणि म्हणूनच ती घरातल्या शिवणकलेची खरी शाळा होती. एका खणात एक चोळी बसवावयाची, चिंधीसुद्धा वाया जाऊ द्यावयाची नाही, आणि खणाचे काठ बाहीवर व पुढील बाजूस शोभतील असे आणावयाचे. एवढे गणित बायका कागदावाचून करीत. त्यांचे माप म्हणजे वीत आणि बोटे, व त्यांचा नमुना म्हणजे जुनी चोळी. तिचे टाके उसवावयाचे, तुकडे नव्या खणावर पसरावयाचे आणि कडेने कापावयाचे. बाळंतिणीच्या खोलीतील झबले, टोपडे व कुंची, मुलीचा परकर आणि पोलके, हीही याच रीतीने सिद्ध होत. अंगरखा, बंडी, पैरण ही पुरुषांची वस्त्रे मात्र शिंप्याकडे जात. ज्या समाजात संत नामदेव जन्मले, त्या शिंपी समाजाची ही पिढीजात विद्या होती. ती बापाकडून मुलाकडे हाताने हातात जाई; लिहून ठेवण्याची तिला गरज वाटली नाही. घरची विद्या आईकडून लेकीकडे जाई. तीही लिहिलेली नव्हती. दोहोंतही एक अडचण समान होती. ज्या घरी शिकविणारे माणूस नाही, त्या घरी ती विद्या पोहोचत नसे.

आता चौकड्याकडे वळू. उभ्या आणि आडव्या रंगीत धाग्यांच्या छेदातून होणारी ही आकृती कोणा एका देशाची मिरास नव्हे. आपल्याकडे चौकड्याची लुगडी होती. मद्रासकडील सुती चौकड्यांचे रुमाल समुद्र ओलांडून पश्चिम आफ्रिकेपर्यंत विकले जात. परंतु लोकरी चौकड्याला जगभर जी प्रतिष्ठा लाभली, ती स्कॉटलंडमुळे, आणि तिच्या मुळाशी एक पराभव आहे. १७४५ साली स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील लोकांनी इंग्लंडच्या राजाविरुद्ध उठाव केला. तो पुढल्या वर्षी मोडला गेला, आणि १७४६ च्या कायद्याने त्या लोकांच्या परंपरागत पोशाखावर बंदी आली. सैन्यातील पलटणींना तेवढी मोकळीक राहिली. १७८२ मध्ये बंदी उठली. पुढे १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला, तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांच्या योजनेने सारा दरबार चौकड्यांनी नटविण्यात आला आणि राजानेही तोच वेष केला. जे वस्त्र शिक्षा म्हणून हिरावून घेतले होते, ते शहात्तर वर्षांनी राजाच्या अंगावर चढले! १८५२ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाने स्कॉटलंडमधील बालमोरल ही मालमत्ता विकत घेतली, आणि मग स्त्रियांच्या व मुलांच्या पोशाखातही चौकडा शिष्टसंमत झाला.

महाराष्ट्राचा आणि त्या डोंगरी पलटणींचा संबंध मात्र याहून जुना आणि कटु आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे व भोसले यांच्या फौजांशी आर्थर वेलस्लीच्या सैन्याची लढाई झाली, तीत ७४ वी व ७८ वी या दोन्ही हायलंडर पलटणी होत्या. पुढे इंग्रजी अमदानी स्थिरावली, छावण्या वसल्या, मिशनऱ्यांच्या शाळा निघाल्या, आणि विलायतेतील शाळांत रुळलेला मुलींचा वेष इकडेही रुजला. परकर-पोलक्याच्या जागी झगा आला, झग्याच्या जागी स्कर्ट आला. आज ज्या मुली चौकड्याचा स्कर्ट घालून सानपाड्याच्या रस्त्याने शाळेस जातात, त्यांच्या दृष्टीने तो स्कॉटलंडचाही नाही आणि इंग्रजांचाही नाही; तो केवळ त्यांच्या शाळेचा आहे. वस्त्रे आपली कुळकथा विसरतात, हेच खरे.

तिसरा धागा कागदाचा. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानात स्टर्लिंग नावाचे एक गाव आहे. तेथे एबेनेझर बटरिक या नावाचा शिंपी राहत असे. त्याची पत्नी एलन आपल्या मुलासाठी चौकड्याच्या सुती कापडाचा झगा बेतीत असता, निरनिराळ्या मापांचे तयार नमुने मिळते तर किती सोय झाली असती, असे तिने नवऱ्याजवळ बोलून दाखविले, अशी कथा सांगतात. कागदी आकृत्या त्यापूर्वीही मासिकांतून छापल्या जात. पण त्या एकाच मापाच्या असत, आणि आपल्या अंगाप्रमाणे त्या लहानमोठ्या करणे हे शिकलेल्या हाताचेच काम असे. बटरिकने १८६३ साली जे केले ते निराळे होते. एकाच वस्त्राचे क्रमाने वाढत जाणारे नमुने त्याने कापून विकावयास काढले. आरंभी जाड कागद वापरला. तो घडी घालून टपालाने पाठविणे अवघड म्हणून पुढे पातळ कागद घेतला. १८७० मध्ये जेम्स मॅकॉल या स्कॉटिश शिंप्याने न्यूयॉर्कमध्ये हाच व्यवसाय मांडला. त्या वेळच्या नमुन्यांवर अक्षर किंवा रेघ छापलेली नसे. कोठे दुमडावयाचे, कोठे जोडावयाचे, हे कागदाला पाडलेल्या भोकांवरून आणि कडेच्या खाचांवरून ओळखावे लागे. छापील खुणांचे नमुने विसाव्या शतकात आले.

या कागदाचे महत्त्व काय? वरवर पाहता तो शिंप्याच्या दुकानातील एक सोय वाटतो. वस्तुतः ती एक प्रकारची लिपी होती. गाणे जसे स्वरलिपीत उतरते, तशी शिंप्याच्या हातातील विद्या प्रथमच कागदावर उतरली, आणि उतरताच ती गुरूपासून मोकळी झाली. ज्या बाईच्या घरी शिकविणारी आई नाही, जिच्या गावी शिंपी नाही, तिच्याही दाराशी ती टपालाने जाऊन उभी राहिली. विद्या लिहिली गेली म्हणजे ती जातीची किंवा घराण्याची राहत नाही. आपल्याकडे पोथ्या छापल्या गेल्या तेव्हा जे घडले, तेच येथे कात्रीच्या बाबतीत घडले.

शिवणयंत्राने या कामी हात दिला. फ्रान्समध्ये बार्तेलेमी तिमोनिए याने १८३० मध्ये शिवणयंत्राचे पेटंट घेतले. पण पोट जाईल या भीतीने पॅरिसच्या शिंप्यांनी दुसऱ्याच वर्षी त्याची यंत्रे फोडली. अमेरिकेत एलियास हौ याला १८४६ मध्ये व आयझॅक सिंगर याला १८५१ मध्ये पेटंट मिळाले. यंत्र महाग होते, म्हणून सिंगर कंपनीने १८५६ पासून ते हप्त्याने देण्याची पद्धत सुरू केली, आणि याच युक्तीने ते जगभर घरोघरी शिरले. हिंदुस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या कंपनीचा व्यापार पटेल नावाच्या एका पारशी गृहस्थाच्या हाती होता. यंत्रांविषयी साशंक असणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मध्ये एका संभाषणात शिवणयंत्राला अपवाद म्हणून मान्यता दिली. पत्नीचे हातशिवणीचे कष्ट पाहून सिंगरने ते प्रेमापोटी निर्माण केले, अशी त्या यंत्राची कथा त्यांनी सांगितली होती. पुढे १९३५ साली कलकत्त्यात ‘उषा’ हे देशी यंत्र तयार होऊ लागले, आणि मध्यम स्थितीतील घरांत, खिडकीजवळच्या उजेडात, हाताने किंवा पायाने चालविण्याचे शिवणयंत्र ही नित्याची वस्तू झाली.

महाराष्ट्रात या विद्येची गाठ एका मोठ्या सामाजिक प्रश्नाशी पडली. तो प्रश्न विधवांचा आणि निराधार स्त्रियांचा. पंडिता रमाबाई यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढे केडगाव येथे मुक्ती सदनात दुष्काळाने उघड्या पडलेल्या शेकडो मुली व बायका आल्या, तेव्हा अक्षरओळखीबरोबर विणणे, शिवणे, छपाई असे उद्योग त्यांना शिकविण्यात आले. धोंडो केशव कर्वे यांचा हिंगण्याचा आश्रम, मुंबईचे १९०८ मधील सेवासदन आणि रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनी १९०९ मध्ये पुण्यात उभारलेले सेवासदन, ही नावे तर सर्वपरिचित आहेत. अशा संस्थांतील शिवणवर्गांकडे आज आपण किंचित कौतुकाने, किंचित उपेक्षेने पाहतो. त्या वेळी मात्र त्यांचा अर्थ फार गंभीर होता. ज्या बाईला दिराच्या घरी मोलकरणीसारखे राबण्यावाचून गत्यंतर नव्हते, तिच्या हाती चार पैसे स्वतःचे म्हणून येण्याचे जे थोडे प्रतिष्ठित मार्ग होते, त्यांत शिवण हा एक होता. तो घरी बसून करता येई, त्याला कोणी नावे ठेवीत नसे, आणि त्याचा मोबदला रोख मिळे.

परंतु या नाण्याला दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १८८४ मध्ये पुण्यात मुलींचे हायस्कूल, म्हणजे आजची हुजूरपागा, निघाले, आणि तेथील अभ्यासक्रमावर १८८७ च्या सुमारास ‘मराठा’ पत्रातून टीका झाली. इंग्रजीसारखे विषय मुलींना काय उपयोगाचे, त्यांना शिवणकाम व गृहोपयोगी गोष्टी शिकवाव्यात, असा त्या टीकेचा रोख होता. म्हणजे जे शिवणकाम केडगावात बाईला उभे करीत होते, तेच पुण्यात तिला वरच्या इयत्तेपासून मागे ओढण्यासाठी पुढे केले जात होते. यातील विनोद असा की, शिवण हा गणिताच्या ऐवजी देण्याचा विषय, असे ज्यांना वाटे त्यांनी कधी कापड बेतून पाहिले नसावे. छातीच्या मापाचा चौथा हिस्सा घेऊन त्यात ढिलाई मिळवावी, खांद्याचा उतार काढावा, गोल घेराची त्रिज्या कंबरेच्या मापावरून आणावी. हे अपूर्णांक आणि भूमिती नव्हे तर काय? पुढे मुंबईचे के. आर. झारापकर यांच्यासारख्या शिक्षकांनी कर्तनाची पद्धत पुस्तकात मांडली, तेव्हा तिच्यातील गणित सर्वांच्या दृष्टीस पडले. मॅट्रिकला गणित सोडून शिवण घेणाऱ्या मुली गणित सोडीत नव्हत्या. केवळ त्याचे गुण घेत नव्हत्या.

लोकरीच्या कपड्याचा प्रश्न मराठी स्त्रीपुढे प्रथम तीव्रतेने उभा राहिला, तो परदेशात. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेस निघाल्या, तेव्हा काय नेसावे याचा त्यांनी पुष्कळ विचार केला होता. नऊवारी लुगड्यात पाय उघडे राहतात आणि पेनसिल्व्हेनियाचा हिवाळा तर बर्फाचा. विलायती पोशाख करावयाचा नाही, असा त्यांचा निश्चय होता. अखेरीस त्यांनी गुजराती धाटणीने, पाय झाकतील असे लुगडे नेसण्याचा मध्यम मार्ग काढला. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. पण क्षयाने ग्रासलेले शरीर घेऊन परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात निवर्तल्या. त्यांच्या आजाराचे कारण वस्त्र होते असे म्हणता येणार नाही. पण थंडीपासून अंग राखणे आणि आपली ओळख राखणे, या दोहोंची ओढाताण एका अठरा वर्षांच्या मुलीला एकटीने सोसावी लागली, हे विसरता येत नाही. आज थंड देशी निघालेल्या मुलीसाठी आई स्कर्ट बेतते, तेव्हा ती ओढाताण जवळजवळ संपलेली असते. स्कर्ट घातल्याने कोणी परका होत नाही, ही गोष्ट आता कोणास सांगावी लागत नाही.

लोकरी कापडाची गिरणी तर सानपाड्याच्या खाडीच्याच वरच्या अंगाला, ठाण्यास होती. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे निघालेली गिरणी १९२५ पासून रेमंड या नावाने चालू लागली. १९४४ मध्ये ती कैलासपत सिंघानिया यांच्याकडे आली. आरंभी तिचा भर कांबळ्यांवर आणि साध्या लोकरी कापडावर होता. पुढे पुरुषांच्या सुटाचे कापड म्हणून तिचे नाव देशभर झाले. पण ‘पुरुषांच्या’ हा शब्द येथे महत्त्वाचा. आपल्याकडे लोकरीचे विणलेले कापड पुरुषांच्या कोटापाटलोणीसाठी आणि लोकरीचा धागा बायकांच्या सुयांसाठी, अशी वाटणी होऊन बसली. बायका स्वेटर विणीत. लोकरी कापड बेतण्याची वेळ त्यांच्यावर क्वचितच येई. ठाण्याची ती गिरणी आता बंद झाली आहे. कारखाने जळगाव, छिंदवाडा, वापी अशा ठिकाणी आहेत आणि ठाण्याच्या त्या जागेवर उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत.

आता प्रत्यक्ष त्या स्कर्टाकडे येऊ. कारण कागदी नमुन्याची थोरवी आणि त्याची मर्यादा, दोन्ही येथेच दिसतात. कागद अंगाचे माप जाणतो. कंबर, तिच्याखाली सात-आठ इंचांवरचा नितंबांचा घेर आणि लांबी, या तीन मापांवरून योग्य नमुना निवडता येतो. पण कागदाला कापड ठाऊक नसते, आणि चौकड्याचे कापड तर मोठे मानी असते. साध्या कापडावर नमुना जेथे बसेल तेथे ठेवून कापता येतो. चौकड्यावर तसे केले तर बाजूच्या शिवणीवर पुढची आडवी रेघ एकीकडे आणि मागची दुसरीकडे जाते, व शिवण कितीही सरळ असली तरी वस्त्र वाकडे दिसते. म्हणून प्रथम पुढला भाग कापावा आणि तो तसाच उरलेल्या कापडावर ठेवून, रेघेस रेघ जुळवून, मागचा भाग बेतावा. जुळणी पाहावयाची ती कापलेल्या कडेवर नव्हे, तर जेथे टीप पडणार त्या रेघेवर. दिवसभर वापरात स्कर्टाची जी कड सर्वांत जास्त दिसते ती खालची. म्हणून ठळक आडवी पट्टी दुमडीच्या अगदी काठावर येऊ न देता थोडी वर ठेवावी. चौकडा उलटसुलट सारखा नसेल तर सर्व तुकडे एकाच दिशेस डोके करून ठेवावे लागतात. या साऱ्यासाठी कापड जास्त लागते. चौकडा चार इंचांचा असेल, तर प्रत्येक तुकड्यामागे चार इंचांपर्यंत कापड अधिक धरावे, असा हिशेब आहे.

चुण्यांचा स्कर्ट असेल तर हे गणित आणखी रंगते. समजा, मागच्या बाजूस सतरा चुण्या हव्या आहेत, प्रत्येक चुणी एक इंच दिसावयाची आहे आणि चौकडा चार इंचांचा आहे. प्रत्येक चुणीवर तीच रेघ यावी असे मनात असेल, तर चुणीमागे चार इंच कापड लागेल. एकूण अडुसष्ट इंच. पण चुण्या घातल्यावरही सबंध चौकडा अखंड दिसावा असे वाटत असेल, तर प्रत्येक चुणीत एक इंच पुढे सरकावे लागेल. चुणीमागे पाच इंच, एकूण पंच्याऐंशी इंच. फरक सतरा इंचांचा, म्हणजे जवळजवळ अर्ध्या वाराचा. स्कॉटलंडमध्ये दोन्ही रीती आहेत. पहिली रीत बहुधा पलटणींच्या पोशाखात दिसते. दुसरीत घराण्याचा चौकडा सबंध दिसतो.

लोकरीचे आणखी एक लहरी अंग आहे. ती पाण्याने आटते. म्हणून कापण्यापूर्वी कापडावर ओले फडके टाकून वाफेची इस्त्री फिरवावी आणि ते सपाट पसरून वाळू द्यावे. मग जे काही आटावयाचे ते शिवण्याआधीच आटते. चुण्या आधी कच्च्या दोऱ्याने धरून ठेवाव्या. टीप मारताना दोन पदरांतील रेघा सरकतात, म्हणून रेघेरेघेवर टाचणी आडवी लावावी. खालची दुमड हाताने, कापडाचा एखाददुसराच धागा उचलून घालावी, म्हणजे बाहेरून टाका दिसत नाही. आणि वाढत्या वयाच्या मुलीचा स्कर्ट असेल तर दुमड दोन-अडीच इंच ठेवावी, बाजूच्या शिवणीतही कापड सोडावे. पुढल्या वर्षी तीच दुमड उसवून स्कर्ट लांब करता येतो.

ही शेवटची गोष्ट लहान दिसते, पण तयार कपडा आणि घरचा कपडा यांतील सारा फरक तिच्यात आहे. कारखान्यात शिवणारा माणूस आज ज्या मापाची मागणी आहे ते माप शिवतो. शिवणीत जास्त कापड सोडणे त्याला परवडत नाही. घरी शिवणारी आई मुलीचे आजचे माप घेते आणि उद्याचे शिवणीत दडवून ठेवते. परकराला खाली एक आडवी चुणी घालून ठेवण्याची आणि मुलगी वाढेल तशी ती सोडण्याची आपल्या आज्यांची चाल होती, तिचेच हे रूप आहे. मोठ्या बहिणीचा कपडा धाकटीला, धाकटीचा झिजला की त्याची पिशवी किंवा गोधडीतला तुकडा, ही साखळी याच काटकसरीतून निर्माण झाली. कापड महाग आणि कष्ट स्वस्त असे जेथपर्यंत होते, तेथपर्यंत ती चालली. आता कापड स्वस्त झाले, कष्ट महाग झाले आणि वेळ तर सर्वांत महाग. अशा काळात घरी शिवलेला लोकरी स्कर्ट पैशाच्या हिशेबाने परवडत नाही, हे उघड आहे. केवळ चांगल्या लोकरी कापडाच्या किमतीत बाजारात तयार वस्त्र मिळून जाते.

तरीही या विद्येची किंमत केवळ एका स्कर्टाच्या किमतीने करणे चूक होईल. शिवणाऱ्या स्त्रिया नाहीशा झालेल्या नाहीत. नव्या शहरांच्या इमारतींतून ब्लाऊज शिवून देणारी, काठाला फॉल लावून देणारी, शाळेचे कपडे कमीजास्त करून देणारी बाई अद्याप शोधावी लागते आणि सापडतेही. तिच्या दारावर मोठी पाटी नसते, आणि तिच्या कामाला पुष्कळदा ‘घरबसल्या चार पैसे’ एवढेच मोल दिले जाते. शंभर वर्षांपूर्वी सेवासदनाच्या वर्गात ज्या कामाने एका बाईला मान मिळवून दिला, त्याच कामाकडे आज फावल्या वेळचा छंद म्हणून पाहिले जावे, हे त्या विद्येचे नव्हे, आपल्या दृष्टीचे दुर्दैव आहे. अंग मोजणे, कापडाचा स्वभाव ओळखणे, अपूर्णांकांचा हिशेब चोख ठेवणे आणि एकदा चालविलेली कात्री मागे घेता येत नाही हे जाणून निर्णय करणे, हे ज्याला छंद वाटते त्याने एकदा चौकड्याचे दोन तुकडे जुळवून पाहावेत.

चोळीचा खण बेतणाऱ्या आजीजवळ कागद नव्हता, पण डोळा होता. कागदी नमुना हाती आलेल्या नातीजवळ सगळी मापे आहेत; डोळा मात्र तिला स्वतः कमवावा लागतो. बटरिकच्या कागदाने शिंप्याची विद्या स्टर्लिंग गावातून साऱ्या जगात नेली, पण चौकड्याची रेघ जुळविण्याचे काम त्याने जेथल्या तेथे, शिवणाऱ्या बाईच्या बोटांवरच ठेवले. सानपाड्याच्या त्या घरात स्कर्ट पुरा होईल, मुलगी तो घेऊन जाईल, आणि परदेशातील हिवाळ्यात कोणी विचारील की, हा कोठून घेतलास. तेव्हा दुकानाचे नाव न सांगता आईचे नाव सांगण्याची संधी तिला मिळेल. त्याच वेळी दुमडीत राखून ठेवलेले अडीच इंच कापड कसे सोडावे, हेही तिला ठाऊक असेल, तर ही विद्या आणखी एका पिढीपर्यंत पोहोचली असे म्हणता येईल.